बाबांच्या पायातलं धसकट

आमच्या घरात कापसाला तोटा नव्हता, बाकी सगळ्याचाच होता. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की सपरीपासून माजघरापर्यंत पांढरं होऊन जायचं. आम्ही पोरं त्या गंजीवरच झोपायचो. देवापुढची वात त्या कापसाची, गादी त्याची, अकोटच्या बाजारातून आणलेली सतरंजीही त्याच्याच सुताची. कान फुटला, दाढ ठणकली, विळ्यानं बोट कापलं, की आजी गंजीतून एक बोंड ओढायची, नखानं सरकी वेगळी करायची आणि उरलेला पुंजका तेलात, हळदीत नाहीतर लाल औषधात बुडवून जागेवर बसवायची. जखमेवर कापूस ठेवावा हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. पाणी प्यायला जसं कुणी शिकवत नाही, तसंच ते.

म्हणून 1986 सालच्या शिमग्याला बाबांच्या पायात धसकट घुसलं, तेव्हा कापसाचा काही दोष असू शकतो, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

शेवटचा वेचा होऊन गेला होता. वावरात पऱ्हाट्या काढायचं काम चालू होतं. जमीन भुसभुशीत होती तिथल्या पऱ्हाट्या उपटून निघाल्या. बांधाकडची काळी उन्हानं दगड झालेली, तिथल्या कुऱ्हाडीनं तोडल्या. तोडलेल्या जागी तिरपी, टोकदार धसकटं उभी राहिली. संध्याकाळी बैल सोडायला बाबा त्या अंगानं गेले आणि एक धसकट प्लास्टिकच्या चपलेतून आरपार तळपायात गेलं. त्यांनी तिथंच बसून ते हातानं उपसलं, पायावर माती दाबली आणि बैल घेऊन घरी आले.

माय ओरडली, "अवो, रगत पाहा किती चाललं!"

"काई नाई, निंघालं बंदं," बाबा म्हणाले.

बंदं, म्हणजे सगळं. ते सगळं निघालेलं नव्हतं, हे कळायला आठ महिने लागले.

आजीनं गुळाचा चटका दिला. आमच्याकडे काटा रुतला की गूळ तापवून, नाहीतर बिबा तापवून चटका देत. काटा आत राहिला तर तो वर येतो, नाहीतर तिथं कुरूप धरतं, असं आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी अकोटला जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, गोळ्या आणल्या. दोन आठवड्यांत जखम मिटली. बाबा लंगडत का होईना, चालायला लागले. मग चैत्रात पाय पुन्हा सुजला, तळव्याला फोड आला, फुटला, पू गेला, बरं वाटलं, मिटला. वैशाखात पुन्हा तेच. डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला काही नाही, म्हणाले. फोटोत खरंच काही दिसत नव्हतं.

पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी नववीत होतो. दवाखान्यातल्या कापसाच्या गुंडाळीला आणि पट्टीला पैसे पडत. एकाधिकार खरेदीत घातलेल्या कापसाचा चुकारा हाती आला, तो असाच दवाखान्यात चालला होता. मग मीच म्हटलं, घरचा कापूस आहे की. सरकी काढायची, पिंजून मऊ करायचा, औषध लावायचं आणि वरून जुन्या धोतराची चिंधी.

रोज सकाळी शाळेच्या आधी मी पट्टी सोडायचो. रात्रीतून कापूस वाळून जखमेला पक्का चिकटलेला असायचा. मी तो ओढायचो. बाबा बाजेची दोरी धरून बसत, दात खात, तोंडातून शब्द काढत नसत. कापूस निघाला की खाली डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ओला थर दिसायचा आणि भळकन रक्त यायचं. मला वाटायचं, लाल आहे म्हणजे सडकं आहे. मी तो थर औषधाच्या बोळ्यानं घासून काढायचो. रक्त आलं की घाण निघाली, असं समजून मला समाधान वाटायचं.

"हळू काढ न रे," माय म्हणायची. "माणूस हाय थो. मक्याचं कणीस नाई सोलून राह्यला तू."

"साफ नाई केलं तं बरं कसं होईन?" मी उलट विचारायचो.

मृग आला. त्या साली पेरणीला तिफणीवर बाबा नव्हते, काका होते. बाबा बांधावर पाय लांब करून बसले होते आणि ओळ वाकडी गेली की तिथूनच ओरडत होते. शेजारपाजारचे येऊन सांगून जात. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे नरसिंग महाराजांना नवस बोला. मायनं नवस बोलला. मी पट्टी करत राहिलो.

दिवाळी झाल्यावर काकांनी ठरवलं, अकोल्याला न्यायचं. तेव्हा अकोट-अकोला छोट्या रुळांची गाडी होती. तिच्या खिडकीशी पाय बाकावर ठेवून बाबा बसले आणि मी त्यांच्या टाचेखाली हात धरून. तिथल्या सर्जननी नवा फोटो काढलाच नाही. एक बारीक बोथट सळई घेतली, जखमेच्या छिद्रातून हळूच आत सारली आणि एका जागी थांबले.

"आत काहीतरी आहे," ते म्हणाले. "लाकूड एक्स-रेत दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी पाय उघडला. धसकटाचा काळा पडलेला तुकडा निघाला, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा. त्याच्याभोवती पांढरट, चिवट पिशवीसारखं काही होतं. डॉक्टरांनी ते ताटलीत आणून दाखवलं. मग चिमट्यानं दुसरं काहीतरी उचललं, मोहरीएवढ्या दोन-तीन गाठी. एक चिरून दाखवली. आत तंतू होते.

"हा कापूस आहे. जखमेत कुणी भरत होतं?"

मी खाली पाहिलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरचाच हाय साहेब."

त्या डॉक्टरांनी मला रागावलं नाही. मुलगा शाळेत जातो म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवून समजावलं. बाहेरची कुठलीही वस्तू अंगात शिरली, की पहिल्या काही क्षणांतच रक्तातली प्रथिनं तिच्यावर जाऊन बसतात. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात. त्या जंतूंना खातात, खाता खाता मरतात, तोच पू. नंतर मोठ्या खाणाऱ्या पेशी येतात. त्या वस्तूला गिळायला पाहतात. वस्तू मोठी असेल तर त्या एकमेकींत मिसळून एकच राक्षसी पेशी होते. तीही हरली, तर तंतू विणणाऱ्या पेशी येतात आणि वस्तूभोवती भिंत उभी करतात. खाता येत नाही, फेकता येत नाही, तर कोंडून ठेवायचं. काटा असो, काच असो, कापसाचा धागा असो, शरीराची रीत हीच.

"मग हे बंद का झालं नाही?" काकांनी विचारलं.

"लाकूड कुजतं. खडबडीत असतं, पोकळ असतं, जंतू घेऊन आत जातं. भिंत पुरी होतच नाही. मग शरीर पू बाहेर टाकायला एक वाट उघडी ठेवतं. तुम्ही ज्या छिद्राला जखम म्हणत होता, ती ही वाट. आणि तुम्ही तीच बुजवत होता."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ते लाल दाणेदार दिसायचं ना, ते नवं मांस होतं. रोज उगवायचं."

हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. शेतकऱ्याच्या पोराला उगवणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मी आठ महिने उगवलेलं रोज उपटत होतो.

बाबांचा पाय सहा आठवड्यांत भरून आला. तो तुकडा त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतला आणि तंबाखूच्या डबीत ठेवला. "आपल्याच वावरातलं हाय," म्हणायचे. मला ते कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

पुढे मी डी. फार्म. करून अकोटलाच औषधाचं दुकान टाकलं. काउंटरवर पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे कापसाचा बंडल. तो विकता विकता मी एकदा सहज घरचा कापूस आणि दुकानातला कापूस दोन वाट्या पाण्यात टाकून पाहिला. घरचा वर तरंगत राहिला, दुकानातला तळाला गेला. बोंडातल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी शोषत नाही. दवाखान्यातला कापूस क्षारात उकळून, मेण काढून, पांढरा केलेला असतो. म्हणजे मी जो भरत होतो तो पू शोषतही नव्हता, नुसता धागे सोडत होता. आणि शोषणारा कापूससुद्धा उघड्या जखमेवर थेट ठेवायचा नसतो. त्याचेही धागे सुटतात, तोही वाळून चिकटतो. कापसाचं शास्त्रीय नाव गॉसिपियम. ऑपरेशनमध्ये चुकून पोटात राहून गेलेल्या कापसाच्या घडीभोवती शरीर जी गाठ धरतं, तिला डॉक्टर लोक गॉसिपिबोमा म्हणतात. ज्या पिकावर आमचं घर उभं राहिलं, त्याचं नाव एका दुखण्यालाही आहे, हे वाचलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं असूनही मी जरा वेळ गप्प राहिलो.

जखम वाळू द्यावी, वारा लागू द्यावा, ही समजूत काही आमच्या गावाचीच नव्हती. 1962 साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञानं डुकरांच्या अंगावर सारख्या जखमा करून पाहिल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसवून ओल टिकवली. ओल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. खपली म्हणजे जखम बरी झाल्याची खूण, असं आपण समजतो. कातडीच्या पेशींना मात्र त्या खपलीच्या खालून वाट काढत जावं लागतं.

मुंबईत वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी 1980 च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरली. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून पाहिली. 2003 साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. पान निर्जंतुक करून जखमेवर ठेवायचं. पान गुळगुळीत, मेणचट. ते ओल धरून ठेवतं, जखमेला चिकटत नाही, काढताना व्हॅसलिनच्या पट्टीपेक्षा कमी दुखतं आणि त्याची किंमत जवळजवळ काहीच नाही.

अकोट तालुक्यात पणजच्या बाजूला केळीच्या बागा आहेत. आमच्या वावरापासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर. उत्तरेला सातपुडा, मधे बागायत, खाली आमची कोरडवाहू कापसाची काळी. बाबांच्या बाजेवर बसून मी वाळलेला कापूस ओढत होतो तेव्हा त्या बागांमध्ये पानं वाऱ्यानं फाटून लोंबत होती. अर्थात, नुसतं पान तोडून बांधा असं मी आज कुणाला सांगत नाही, ते निर्जंतुक करावं लागतं. पण कापूस मागायला आलेल्या माणसाला मी विचारतो, "कायले पाहिजे?" जखमेसाठी म्हटलं की चिकटणार नाही अशी जाळीची पट्टी पुढे करतो. साखरेचा रोगी आणि पायाची जखम असेल तर पट्टीही देत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो. काही लोक रागावून दुसऱ्या दुकानात जातात.

2004 च्या पावसाळ्यात बैल बुजला आणि बाबा बंडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. हाडाच्या पोकळीत स्टीलची सळई घालायचं ठरलं. बाबांनी ती आधी हातात घेऊन पाहिली, तिचं वजन पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "साहेब, पायात बोटभर लाकूड नाई राह्यलं माह्या, हे हातभर लोखंड कसं राहीन?"

डॉक्टर हसले, पण प्रश्न बरोबर आहे म्हणाले. या पोलादात क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर बसतो. तो थर धातूला गंजू देत नाही, रक्तात विरघळू देत नाही. शरीर येतं, चाचपून पाहतं, भांडायला काही सापडत नाही, मग एक पातळ वेष्टण घालून आपल्या कामाला लागतं. टायटॅनियमची तर गंमतच. स्वीडनमध्ये ब्रेनमार्क नावाच्या संशोधकानं 1950 च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर काढायला गेला तर निघेना, हाड त्याला धरून बसलं होतं.

"भीती शरीराची नाही, जंतूंची आहे," डॉक्टर म्हणाले. "एस.टी. लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे. आधी शरीराच्या पेशी धातूवर बसल्या तर जागा त्यांची. आधी जंतू बसले तर ते चिकट थर करून त्याखाली राहतात, मग औषध पोचत नाही आणि सळई काढावी लागते. म्हणून सांगतो, पट्टी मी उघडेन. घरी कुणी उघडून पाहायची नाही."

मी औषधाचा दुकानदार, दहा तऱ्हेच्या पट्ट्या माझ्याकडे. तरी घरी आल्यावर माझे हात स्वस्थ बसेनात. चौथ्या दिवशी बाबांच्या मांडीशी बसून मी त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत होतो. कडेला तांबूस डाग दिसत होता. बाबा झोपले असं मला वाटलं होतं. डोळे मिटूनच म्हणाले, "उघडून पाहतं काय रे?"

"नाई बाबा."

"मंग हात कायले फिरवून राह्यला?"

मी हात काढून घेतला. ते थोडं हसले. अठरा वर्षांत त्या गोष्टीबद्दल आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

सळई त्यांना मानवली. थंडीत मांडी ठणकायची, तेव्हा म्हणायचे, "पाहुणा जागा झाला." वावरात जात राहिले.

2009 मध्ये मायच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवलं. या भिंगाची गोष्ट मी तिला सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेच्या जागी ॲक्रिलिक असायचं. गोळ्या लागून त्याच्या चिपा वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायच्या. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की या चिपांशी डोळा भांडत नाही. म्हणून त्यांनी 1949 साली त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. माय म्हणाली, "म्हंजे त्याइच्या डोयात गेलं म्हून मले दिसलं." दीडेक वर्षानं तिला पुन्हा धुरकट दिसायला लागलं. भिंग खराब झालं असं वाटून मी घाबरलो, पण भिंग स्वच्छ होतं. त्याच्यामागच्या पडद्यावर तिच्याच डोळ्यातल्या उरलेल्या पेशी वाढल्या होत्या. लेसरनं पाच मिनिटांत काम झालं.

2015 साली माघात बाबा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. काका, मी, दोघं चुलतभाऊ. मायनं हट्ट धरला म्हणून तिलाही बंडीतून आणलं होतं. अस्थी वेचून मडक्यात ठेवत होतो. मडकं गांधीग्रामला पूर्णेवर न्यायचं होतं, जिथून श्रावणात अकोल्याचे कावडवाले राजराजेश्वरासाठी पाणी नेतात. तेवढ्यात बाजूला उभी असलेली माय म्हणाली, "थे काय हाय तिकडं?"

राखेत सळई होती. काळीनिळी पडलेली, पण सरळ, अखंड. शेजारी तिचे स्क्रू.

आम्ही सगळे थांबलो. हे अस्थीत धरायचं की नाही, कुणालाच ठरवता येईना. भटजींनीही यावर काही सांगितलेलं नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, "लोखंड हाय, टाकून द्या. थे काई त्याइचं नोयतं."

"त्याइचं नोयतं," माय म्हणाली, "पण संभाळलं तं त्याइनंच."

ती पूर्णेत टाकली नाही. मायनं पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि माझ्याकडे दिली. आता ती कोठ्यात आहे, आढ्याखालच्या फळीवर, बाबांच्या वखराच्या पासेजवळ. तंबाखूची डबीही तिथंच आहे. पासेला दर पावसाळ्यात गंज चढतो, मी तेल लावतो. सळईला लावावं लागत नाही.